लादी कापण्याची ओली करवत : निवड आणि निगा

गृहबांधणीच्या व्यवहारात लादी बसविण्याचे काम अगदी अखेरीस येते, आणि त्या वेळेपर्यंत मालकाची थैली व गवंड्याची सहनशीलता ही दोन्ही बहुधा आटलेली असल्यामुळे, लादी कापावयाच्या साधनाकडे जितके लक्ष पुरवावयास हवे तितके कोणीच पुरवीत नाही. ज्या काळी घरोघर शहाबादी फरशी किंवा सिमेंटची रंगीत लादी बसविली जात असे त्या काळी ही हयगय खपूनही जाई. छिन्नीने रेघ आखावी, हातोडीचे चार ठोके द्यावेत आणि राहिलेली वाकडी कड सिमेंटात दडवून टाकावी, एवढ्यावर काम भागत असे. मोरबीच्या भट्ट्यांतून येणाऱ्या व्हिट्रिफाइड लादीने मात्र ही मुभा काढून घेतली आहे. सुमारे १,२०० अंश सेल्सियस तापमानात भाजून निघालेला हा पदार्थ जवळजवळ काचेच्या जातीचा असून त्याच्या जलशोषणाची कमाल मर्यादा मानकांनी ०.५ टक्का इतकी अल्प ठरविली आहे; भिंतीला लावण्याच्या सामान्य सिरॅमिक लादीत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या वर असते. अशा घट्ट अंगाच्या पदार्थावर छिन्नीचा अंमल चालत नाही. ठोका पडला की तो फुटतो खरा, पण आपल्या रेघेवर नव्हे, त्याच्या मर्जीने.

सरळ आणि आरपार कापासाठी हातकटर हे साधन आहे, आणि ओल्या करवतीची स्तुती आरंभण्यापूर्वी त्याचे श्रेय त्याला देऊन टाकणे न्याय्य होईल. स्पेनमधील रुबी या गावी बोआदा बंधूंनी १९५१ च्या सुमारास रूढ केलेल्या या हत्यारात टंगस्टन कार्बाइडच्या लहानशा चाकाने लादीच्या पृष्ठावर एक ओरखडा काढावयाचा आणि मग दोन्ही अंगांना दाब देऊन ती त्या ओरखड्यावर मोडावयाची, एवढाच मामला असतो. वीज लागत नाही, पाणी लागत नाही, धूळही फारशी उडत नाही. ज्या कामातले सारे काप असेच सरळ आहेत तेथे यंत्र विकत घेणे ही शुद्ध उधळपट्टी समजावी. परंतु भिंतीच्या कोपऱ्याला वळसा घालणारा इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा तुकडा, विजेच्या पेटीसाठी लादीच्या मधोमध पाडावयाची चौकट, दारालगतची बोटभर रुंदीची पट्टी, किंवा दोन लाद्यांच्या कडा ४५ अंशांत तासून कोपरा जुळविण्याचे नाजूक काम यांपैकी काहीही समोर आले, की हातकटर हात टेकतो आणि ओल्या करवतीची गरज उत्पन्न होते.

या करवतीला दात नसतात. तिच्या पोलादी चकतीच्या कडेवर धातूच्या भुकटीत कालवून, दाबाखाली भाजून बसविलेले हिऱ्याचे सूक्ष्म कण असतात, आणि ती लादी चिरीत नसून त्या कणांनी तिला एका अरुंद रेषेत घासून घासून नाहीशी करीत असते. हे तत्त्व अत्यंत प्राचीन आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नमूद करून ठेवले आहे की, संगमरवर लोखंडाच्या पात्याने कापला जातो हा केवळ भास असून खरे कापण्याचे काम पात्याखाली सोडलेली वाळू करते. आणि अनातोलियातील हिएरापोलिस येथे तिसऱ्या शतकातील एका शवपेटीवर तर पाणचक्कीच्या शक्तीने चालणाऱ्या दगडकापी करवतीचे शिल्पच कोरलेले आढळते. त्या काळी वाळू सुटी होती आणि ती पुनःपुन्हा घालावी लागे. आज ती हिऱ्याची झाली असून पात्यातच जखडलेली आहे, इतकाच काय तो फरक. हा हिरा सामान्य गवंड्याच्या आवाक्यात आला तो मात्र खाणींमुळे नव्हे. स्वीडनमध्ये १९५३ साली आणि त्याच्या पाठोपाठ डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाब व उष्णता यांच्या साहाय्याने कृत्रिम हिरा तयार झाला, आणि राजमुकुटातील हे रत्न हळूहळू हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांशेजारी लटकू लागले.

पाते विकत घेणारा मनुष्य स्वाभाविकपणेच असे मानतो की, लादी जितकी कठीण तितके पातेही कठीण असावे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे, आणि या एका गोष्टीच्या अज्ञानापायी जितकी पाती अकाली फेकली जातात तितकी झिजून फेकली जात नसतील. हिऱ्याचे कण ज्या धातूत बसविलेले असतात तो धातू झिजत राहणे आवश्यक असते. वरचा कण घासून बोथट झाला की त्याला धरून ठेवणारा धातू झिजावा, तो कण गळून पडावा आणि खालचा ताजा कण उघडा व्हावा, असा हा क्रम अव्याहत चालला तरच पाते कापते. व्हिट्रिफाइड लादी किंवा ग्रॅनाइट अत्यंत कठीण, पण त्यांचा चुरा बारीक असल्यामुळे तो धातूला फारसा घासत नाही. म्हणून त्यांच्यासाठी मृदू धातूत बसविलेले हिरे हवेत. याउलट सिमेंटचे ठोकळे, वालुकाश्म किंवा भरड वीट यांचा चुरा धातूला झरझर खातो, तेव्हा तेथे कठीण धातूचे पाते योजावे. वालुकाश्मासाठी केलेले पाते व्हिट्रिफाइडवर लावले, तर त्याचा धातू झिजत नाही, बोथट कण जागच्या जागी राहतात, कडेवर आरशासारखी चकाकी येते, आणि कारागीर मात्र दुकानदाराच्या नावाने फिर्याद करीत बसतो. तेव्हा पाते घेताना त्याच्या वेष्टनावर कोणत्या मालाचे नाव छापले आहे ते प्रथम वाचावे आणि किंमत नंतर विचारावी.

कडेच्या रचनेचा तपशील याहून सोपा आहे. कडा अखंड असेल तर काप स्वच्छ येतो व लादीच्या चकाकत्या थराचे टवके कमी निघतात. कडेला खाचा असतील तर पाते चपळ चालते, हवेने थंड राहते, पण काप खडबडीत येतो. ओल्या करवतीवर लादीसाठी अखंड कडेचेच पाते घ्यावे, आणि खाचांचे पाते कोरड्या, ओबडधोबड कामासाठी राखून ठेवावे. पात्याची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास असते व तेवढी लादी प्रत्येक कापात नाहीशी होते, हा खर्च मापात धरण्याचे विसरू नये.

आता वेगाविषयी. बाजारात सर्रास मिळणारा हातातला मार्बल कटर ११० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला सुमारे १३,००० फेऱ्यांनी फिरवितो, म्हणजे पात्याची कड सेकंदाला जवळजवळ ७५ मीटर धावते. टेबलावरच्या ओल्या करवतीत १८० मिलिमीटरचे पाते बहुधा थेट मोटरीच्या दांड्यावर बसविलेले असते, आणि आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर दोन ध्रुवांची इंडक्शन मोटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या किंचित खालीच फिरत असल्यामुळे, कडेचा वेग २८ मीटरच्या आसपास राहतो. हे यंत्र दुबळे नसून शांत आहे, एवढाच याचा अर्थ. मात्र प्रत्येक पात्यावर त्याची कमाल फेऱ्यांची मर्यादा आणि फिरण्याच्या दिशेचा बाण कोरलेला असतो, आणि मोठे पाते काढून ते वेगवान लहान यंत्रावर चढविण्याचा जो उद्योग कामाच्या घाईत कधी कधी केला जातो, तो प्राणघातक आहे. मधल्या छिद्राचा व्यासही तपासावा. मार्बल कटरचे पाते बहुधा २० मिलिमीटरच्या छिद्राचे, तर मोठ्या यंत्राचे २५.४ मिलिमीटरचे असते. मधे कागदाची किंवा पत्र्याची घडी घालून बसविलेले पाते केंद्रात राहत नाही, ते डगमगते आणि लादीची कड खरवडते.

येथवर पात्याचे वर्णन झाले. परंतु या यंत्रातील खरा कर्ता पाते नव्हे, पाणी आहे, आणि यंत्र निवडताना व त्याची निगा राखताना मनुष्याने आपली नजर पाण्यावर ठेवली तर बाकीच्या बहुतेक गोष्टी आपोआप ठीक बसतात, असे माझे मत आहे. पाण्याचे पहिले कार्य उष्णता हरण करण्याचे. हिरा हे कार्बनचेच रूप असल्यामुळे उघड्या हवेत सातशे-आठशे अंशांच्या पुढे तो जळू लागतो, आणि तापलेल्या लोखंडाच्या सान्निध्यात तर त्याचे ग्राफाइट होण्याची क्रिया अधिकच त्वरेने होते. शिवाय पोलादी चकती तापली की तिचा ताण जातो आणि ती कापताना नागमोडी चालू लागते. या सर्वांवर उपाय म्हणून लागणारे पाणी आश्चर्य वाटावे इतके थोडे असते. एक किलोवॅट शक्तीची मोटर आपली संपूर्ण शक्ती घर्षणाच्या उष्णतेत रूपांतरित करीत आहे असे धरले, तरी मिनिटाला एक लिटर पाणी पात्यावर पडत असेल तर त्या पाण्याचे तापमान सुमारे १४ अंशांनीच वाढते. तेव्हा पाण्याचा महापूर नको. ते नेमके कापाच्या जागी, पात्याच्या दोन्ही अंगांवर, अखंड पडले पाहिजे. एकाच बाजूने धार पडणारे यंत्र आणि दोन्ही बाजूंनी पडणारे यंत्र यांच्या किमतीतील अंतर पात्यांच्या आयुष्यात भरून येते.

दुसरे कार्य चुरा वाहून नेण्याचे, आणि तिसरे, जे सर्वांत महत्त्वाचे असून सर्वांत उपेक्षित आहे, ते धूळ बसविण्याचे. लादीच्या अंगात स्फटिकरूप सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसांच्या तळापर्यंत जाऊन तेथे कायमचे ठाण मांडतात, आणि त्यातून जो सिलिकोसिस नामक रोग उद्भवतो त्याला आजतागायत उतारा सापडलेला नाही. मंदसौरचे पाटीवरच्या पेन्सिली घडविणारे आणि खंबायतचे अकीक घासणारे कारागीर या रोगाची साक्ष आहेत. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया संस्थानात गॉली ब्रिज गावाजवळ १९३० साली हॉक्स नेस्ट नावाचा बोगदा खणण्यास प्रारंभ झाला, आणि तेथील खडक सिलिकेने ओतप्रोत भरलेला असताना, पाणी सोडून भोके पाडण्याची रीत ज्ञात असूनही काम लवकर उरकावे म्हणून ती टाळण्यात आली. परिणामी शेकडो मजूर, ज्यांत बहुसंख्य दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय होते, अल्पावधीतच या रोगाने मरण पावले. त्याच देशाने २०१६ साली जो नियम केला त्यात आठ तासांच्या पाळीत कामगाराच्या श्वासातील अशा धुळीची सरासरी मर्यादा एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम ठरविली आहे, आणि पाणी पुरविण्याची अंगभूत योजना असलेली स्थिर करवत हा तिच्यावरचा एक मान्य उपाय म्हणून नमूद केला आहे. ऑस्ट्रेलियाने तर स्वयंपाकाच्या ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या, क्वार्ट्झपासून बनविलेल्या कृत्रिम दगडाच्या वापरावर १ जुलै २०२४ पासून बंदीच घातली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सिलिकोसिस हा सरकारदरबारी कळविण्याचा रोग ठरविला. पण इमारतीच्या सज्जात तोंडाला रुमाल बांधून कोरडा कटर चालविणारा पोरगा कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. तो रुमाल भरड धूळ अडवितो, आणि जिच्यापासून भय आहे ती बारीक धूळ तशीच आत जाऊ देतो.

कोरड्या कटरचा धुराळा टाळावा म्हणून आपल्याकडे एक तोडगा रूढ झालेला आहे: प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून मदतनीसाने कापाच्या जागी पाण्याची बारीक धार धरावयाची. धुळीच्या दृष्टीने हे कोरडे कापण्याहून निश्चितच बरे. पण जे हातयंत्र पाण्यासाठी बनविलेलेच नाही, ज्याच्या मोटरीला हवा घेण्याच्या भेगा पात्याशेजारीच आहेत, ते २३० व्होल्टांवर चालू असताना ओल्या हातांनी धरणे म्हणजे फुप्फुसाचे संकट टाळून हृदयावर घेणे होय.

आता निवडीकडे वळू. ओल्या करवतींची तीन घराणी मानता येतील. पहिल्या प्रकारात टेबलाच्या खाली ट्रेमध्ये पाणी भरलेले असते, पात्याचा खालचा भाग त्यात बुडून फिरता फिरता स्वतःच पाणी वर आणतो आणि लादी हाताने पुढे ढकलावी लागते. हे यंत्र स्वस्त, हलके आणि पंपाच्या कटकटीतून मुक्त असते. परंतु ट्रेमधील पातळी थोडी खाली गेली की पाते कोरडे पडते, कापणाऱ्याच्या पोटावर गढूळ पाण्याचा फवारा उडतो, आणि मोठी लादी टेबलावर तोलून सरळ ढकलणे जमत नाही. दुसऱ्या प्रकारात मोटर व पाते वर स्थिर असून लादी ठेवलेले टेबल रुळांवर सरकते, आणि पंप पाणी वर चढवून पात्यावर सोडतो. तिसऱ्यात लादी जागची हलत नाही. डोक्यावरच्या रुळावरून मोटर आणि पातेच पुढे सरकतात. ६०० बाय १,२०० मिलिमीटरच्या ज्या लाद्या आता सामान्य झाल्या आहेत त्यांच्यासाठी हा तिसरा प्रकारच योग्य, कारण एवढी लांब व जड लादी सरकत्या टेबलावरून बाहेर लोंबकळू लागली की कापाच्या शेवटच्या चार बोटांत ती स्वतःच्या वजनाने मोडते.

यंत्राच्या माहितीपत्रकात कापाची जी कमाल लांबी दिलेली असते ती वाचताना कर्णाचा हिशेब करावा. ६०० मिलिमीटरची चौरस लादी सरळ कापावयास ६०० मिलिमीटर पुरतात, परंतु तीच लादी खोलीत तिरपी बसवावयाची ठरली तर तिचा कर्ण ८४९ मिलिमीटर भरतो, आणि ७०० मिलिमीटरचे यंत्र घेणाराची फजिती होते. मोटरीच्या शक्तीचे आकडे मात्र मी फारसे मनावर घेत नाही. लादी कापण्यास अफाट शक्ती लागत नाही, आणि मोठा आकडा छापणे सर्वांत स्वस्त असते. त्याऐवजी मोटर कोणत्या जातीची आहे ते विचारावे. इंडक्शन मोटर जड पण शांत व दीर्घायुषी असते. कार्बन ब्रशची मोटर हलकी, कर्कश, आणि ब्रश झिजल्यावर नवे मागणारी. जो कारागीर रोज एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत यंत्र खांद्यावरून नेतो त्याला वजनाचे महत्त्व अधिक, आणि त्याने दुसरी घेतली तर त्याला कोणी नावे ठेवू नयेत.

दुकानात यंत्र पाहताना पाते हाताने हळूच फिरवून ते टेबलाच्या फटीत एकसारखे राहते की डाव्या-उजव्या बाजूंस डोलते ते पाहावे. पात्याला धरणाऱ्या दोन चकत्या सपाट आहेत की नाहीत, सरकते टेबल रुळावर खडखडते का, ४५ अंशांवर झुकविल्यानंतर पाते घट्ट राहते का, याची खातरजमा करावी. आणि ट्रे उलटा करून त्याच्या तळाला पाणी सोडण्याचे भोक आहे का, ते अंगठा जाईल इतके रुंद आहे का, हे अवश्य पाहावे. ज्या ट्रेला भोकच नाही त्यातला गाळ रोज उपसणारा मनुष्य मी तरी पाहिलेला नाही.

विजेचा बंदोबस्त यंत्राइतकाच आवश्यक. पाणी आणि वीज ज्या यंत्रात हातभर अंतरावर नांदतात ते ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीवाचून, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवाचून, आणि पक्क्या अर्थिंगवाचून चालवू नये. यंत्राची वायर भिंतीतील प्लगकडे जाताना मधे एक झोळ खाली सोडावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. ब्रिटनमध्ये तर बांधकामाच्या जागी ११० व्होल्टांवर, तेही मध्यबिंदू जमिनीला जोडून, हत्यारे चालविण्याची वहिवाट आहे, ज्यायोगे धक्का बसलाच तर तो जमिनीसापेक्ष ५५ व्होल्टांचा असतो.

आणि ज्याला आपल्या घरातील एकच न्हाणीघर करावयाचे आहे त्याने काय करावे? माझ्या मते त्याने काहीही विकत घेऊ नये. त्याने ठेकेदाराशी बोलणी करतानाच ओल्या करवतीची अट घालावी, यंत्र ठेवण्यास पाण्याचा नळ व निचरा जवळ असेल अशी जागा द्यावी, आणि यंत्राच्या भाड्यापोटी मागितलेल्या जादा रकमेवर घासाघीस करू नये.

कापण्याच्या पद्धतीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण निगेचा निम्मा भाग वापरातच सामावलेला असतो. टेबलावरच्या व डोक्यावरच्या पात्याची कड लादीत वरून खाली शिरते, म्हणून लादीचे चकाकते अंग वर ठेवावे. पाणी पात्यावर पोहोचल्याशिवाय लादीला पाते लावू नये. लादी ढकलण्याची घाई करू नये. मोटरीचा आवाज उतरू लागला म्हणजे हात सैल करावा. कापाचा शेवट जवळ आला की वेग आणखी कमी करावा, अथवा आधीच विरुद्ध टोकाकडून दोन बोटे काप घालून ठेवावा, म्हणजे कोपऱ्याचा टवका उडत नाही. एल आकाराच्या आतल्या कोपऱ्यात दोन काप नुसते भिडविले तर त्या टोकदार कोपऱ्यातून लादीला कालांतराने तडा जातो, कारण सगळा ताण तेथेच एकवटतो. म्हणून तेथे आधी हिऱ्याच्या बिटने सहा-आठ मिलिमीटरचे गोल भोक पाडावे आणि दोन्ही काप त्या भोकात आणून सोडावेत. ४५ अंशांत कड तासताना चकाकत्या थराची अगदी टोकापर्यंत धार करण्याचा हव्यास धरू नये. मिलिमीटरभर कड शाबूत राहिली तर कोपरा टिकतो. डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे असावेत, आणि सदऱ्याच्या बाह्या लोंबत्या नसाव्यात.

वापरता वापरता एखादे दिवशी पाते मंद पडते. काप रेषेवरून ढळतो, पाण्यातूनही ठिणग्या दिसतात, लादीची कड दातरते. पण कडेवर हिऱ्यांचा थर तर पुष्कळ शिल्लक असतो. अशा वेळी पाते फेकू नये. जाते गुळगुळीत झाले म्हणजे त्याला टाकी लावून घ्यावी लागते, तद्वतच या पात्यालाही टाकी लागते. फरक इतकाच की येथे टाकीवाला दगडच असतो. सिलिकॉन कार्बाइडचा मऊ ठोकळा, तो नसल्यास वालुकाश्माचा किंवा भुरभुरीत सिमेंटच्या ठोकळ्याचा तुकडा घेऊन, पाणी चालू ठेवून, त्यात उथळ असे पाच-सहा काप घालावेत. तो भरड चुरा बोथट कणांना धरून बसलेला धातू खरवडतो, ताजे हिरे उघडे होतात आणि पाते पुन्हा कापू लागते. नव्या पात्यालाही पहिल्या कापापूर्वी असा एखादा फेरा दिल्यास लाभ होतो.

सायंकाळची निगा म्हणजे मुख्यतः गाळाचा निकाल. दिवसभर कापलेल्या लादीचा पिठासारखा चुरा ट्रेच्या तळाशी साचतो. तो सिमेंटप्रमाणे रासायनिक रीतीने घट्ट होत नसला तरी एकदा वाळला की खरवडावा लागतो, आणि ओला असेपर्यंत तर तो पंपाच्या तोंडातून आत जाऊन पंखा झिजवितो, नळीचे टोक बुजवितो व पात्यावर पुन्हा पुन्हा येऊन त्याला निष्कारण घासतो. म्हणून पाणी दुधासारखे दाट दिसू लागले की, सायंकाळची वाट न पाहता, ते बदलावे. पंप ट्रेच्या तळावर न ठेवता एखाद्या उपड्या वाटीवर ठेवावा. आणि काम संपल्यावर स्वच्छ पाण्याच्या बादलीत पंप सोडून दोन-चार मिनिटे पाते रिकामे फिरवावे, म्हणजे नळ्या धुऊन निघतात. पंप कोरडा चालविण्याची सक्त मनाई समजावी. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरणाराने नळीची तोंडे अधूनमधून टाचणीने मोकळी करावीत.

हा गाळ न्हाणीच्या मोरीत ओतू नये, ही ताकीद जितकी मोठ्याने देता येईल तितकी द्यावी. तो नळाच्या वळणात जाऊन बसतो, आणि नव्या लादीवर पाणी तुंबले म्हणजे ती उखडून खालचा नळ उघडावा लागतो. गाळाचे पाणी जुन्या पिंपात रात्रभर निवळू द्यावे, वरचे पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरावे, आणि तळाचा चिखल वाळण्याच्या आत पोत्यात भरून राडारोड्याबरोबर रवाना करावा. उघड्यावर वाळू दिला तर तोच पुन्हा ती धूळ होतो, जी बसविण्यासाठी एवढी सारी तजवीज केली.

पाते रात्री पाण्यात बुडालेले ठेवू नये. काढून, पुसून टांगावे. पात्याला धरणाऱ्या चकत्यांवर साचलेला चुरा पुसल्यावाचून पुन्हा पाते चढवू नये, कारण कागदाइतका थर एका बाजूला राहिला तरी कडेवर डगमग उमटते. रुळांना ग्रीस फासण्याची अनेकांना हौस असते, ती आवरावी. ग्रीसमध्ये चुरा अडकून त्याचे घासणारे मलम तयार होते आणि रूळ व चाके दोन्ही झिजतात. रूळ कोरड्या फडक्याने पुसावेत आणि सिलिकॉनचा अगदी पुसट हात द्यावा. कोकणात, आणि पावसाळ्यात सर्वत्रच, पोलादी चकतीवर गंज चढतो. तेवढ्या मुदतीत पाती तेलाचा हात फिरवून ठेवावीत व वापरण्यापूर्वी पुसून घ्यावीत.

महिन्यातून एकदा काटकोनाची परीक्षा घ्यावी. गुण्या लावून पाहणे हा एक मार्ग. परंतु त्याहून सूक्ष्म मार्ग असा की, एक लादी आधाराच्या पट्टीला टेकवून मधोमध कापावी, त्यांपैकी एक तुकडा पालथा करावा, दोन्ही तुकड्यांच्या मूळच्या कडा एका सरळ पट्टीवर टेकवून कापलेल्या कडा एकमेकींना भिडवाव्यात. काप काटकोनात असेल तर त्या तंतोतंत मिळतात. नसेल तर मधे पाचरीसारखी फट दिसते, आणि ती प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असल्यामुळे नजरेतून सुटत नाही. पट्टी सैल करून निम्मी फट भरून काढली की काम झाले.

जुने यंत्र विकत घेणाराने विक्रेत्याची कैफियत ऐकण्यापूर्वी ट्रे बाजूला काढून आतला गाळ पाहावा. तळाशी वाळलेला बोटभर थर असेल तर त्या यंत्राची बाकीची निगाही त्याच मापाची राखली गेली असणार. मग पाते उतरवून दांडा वर-खाली हलवून पाहावा. त्यात खेळ जाणवला तर बेअरिंगे गेली आहेत. इंडक्शन मोटर चालू करताच घुमू लागली पण फिरेना, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो आणि तो अल्प खर्चात बदलतो, म्हणून त्या एका दोषासाठी यंत्र नाकारू नये, किंमत मात्र उतरवून मागावी. वाकलेले रूळ सरळ होत नाहीत. ते दिसताच निरोप घ्यावा. आणि पंप नवा घ्यावा लागणारच, हे गृहीत धरूनच बोलणी करावीत.